आठाची मूस

आमच्या घरी एक जुनी लाकडी पेटी आहे. आत हिरव्या बनातीचे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात त्याच्या मापाचं एक हत्यार. बंदुकीची दारू मोजायची पितळी मापटी, काडतुसाची वापरलेली टोपी काढायची सळई, नवी टोपी बसवायचा चिमटा, गोळी दाबायचा लाकडी दट्ट्या, आणि अडकित्त्यासारखी दिसणारी लोखंडी मूस. आजोबांची पेटी. पुण्यात कॅम्पात आमचं बंदूकदुरुस्तीचं दुकान तीन पिढ्या चाललं. दुकान आता नाही, पण पेटी मी मोडीत घातली नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातीने ती उघडली. मुशीच्या दांड्यावर ‘८’ असा आकडा कोरलेला आहे. “आजोबा, आठ म्हणजे काय? आठ मिलिमीटर?” भोक तर बोट जाईल एवढं मोठं होतं. मी तिला गल्लीतल्या औषधाच्या दुकानातून पाच मिलिलिटरची सिरिंज आणायला सांगितली. मुशीच्या सांध्याला आम्ही व्हॅसलीन चोपडलं, दांडे घट्ट धरले आणि वरच्या छिद्रातून तिने थेंब थेंब पाणी सोडलं. सिरिंज रिकामी झाली आणि पाणी बरोबर छिद्राच्या तोंडाशी येऊन थांबलं. पाच मिलिलिटर. शिसं पाण्याच्या ११.३४ पट जड, म्हणजे या मुशीतली गोळी झाली जवळजवळ ५७ ग्रॅमची. एका पौंडाचे ४५३.६ ग्रॅम. आठाने भागून बघ म्हटलं. तिने भागलं आणि माझ्याकडे बघतच राहिली.

एक पौंड शिशातून सारख्या किती गोळ्या पडतात, तो बंदुकीचा बोअर. आठ पडल्या तर आठबोअर, बारा पडल्या तर बाराबोअर. आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. आपल्याकडे पोलीसपाटलापासून बागायतदारापर्यंत सगळे ‘बाराबोअर’ म्हणतात, पण त्या बारात शिशाचं वजन दडलेलं आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आठबोअरची गोळी जुन्या मापात पाच तोळ्यांना थोडीच कमी. चारबोअरची पाव पौंडाची, ती तर मुठीत धरली तरी हात खाली ओढते.

शिकारीच्या जुन्या फोटोंत हॅट घातलेला साहेब किंवा फेटा बांधलेले सरदार पडलेल्या जनावराशेजारी उभे असतात आणि हातात रायफल तिरकी धरलेली असते. हे फोटो मी लहानपणापासून पाहत आलो. त्या माणसाने रायफल निवडली, काडतूस भरलं आणि चालवलं, असं फोटो सांगतो. माझ्या घरच्या धंद्याने मला वेगळं शिकवलं. नळीचं माप पुष्कळदा सरकारने ठरवलेलं असे, दारू किती घालायची हे एप्रिल-मेच्या उन्हाने ठरवलेलं असे आणि काडतूस भरणारे हात फोटोत नसत.

नुसती ठासणी होती तेव्हाही तसंच होतं. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाचा कॅप्टन जॉन स्मिथ वाघाच्या मागे वाघूर नदीच्या खोऱ्यात शिरला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने कोरलेलं नाव आजही आहे. त्या काळातल्या शिकाऱ्याकडे चकमकीची, ठासणीची बंदूक असे. नळीत दारू ओतायची, वर चिंधी किंवा गवताची गुंडी, मग गोळी, मग गजाने ठासायचं, कानात रंजक घालायची, घोडा चढवायचा. सरावाच्या माणसालाही यात चांगला वेळ जातो आणि जखमी वाघ तेवढा थांबत नाही. म्हणून शिकाऱ्यामागे दुसरी भरलेली बंदूक घेऊन माणूस उभा असायचा. खानदेशात तो बहुधा भिल्ल. पहिली बंदूक उडाली की दुसरी हातात द्यायची आणि पहिली पुन्हा ठासायची. समोर वाघ असताना हात न थरथरता दारू मोजणारा तो माणूस हाच आपल्याकडचा खरा काडतूस भरणारा, असं मी मानतो.

शुक्रवार पेठेतल्या राजा केळकर संग्रहालयात जुनी बारूददानं आहेत. शाळेच्या सहली त्यांच्यासमोरून पळत जातात. तिथे थांबून एकदा त्यांची तोंडं बघावीत. तोंड अरुंद ठेवलेलं असतं, कारण दारू एका वेळी मोजकीच पडली पाहिजे. नळी फुटणं आणि नीट बार निघणं यांत अंतर तेवढंच.

मोठ्या गोळीचा सोस का होता, हेही समजून घेतलं पाहिजे. काळ्या दारूचा जोर एका मर्यादेपुढे वाढत नाही. जास्त घातली तर नळीत नुसती राख आणि काजळी साचते, खांदा सुजतो, गोळीचा वेग फारसा वाढत नाही. मग मारा वाढवायचा तर गोळीच जड करायची. सह्याद्रीतला गवा म्हणजे टनाच्या आसपासचं जनावर, खांद्यावरचं कातडं जाड, आत रुंद हाडं. त्याच्यासाठी आठबोअर, दहाबोअर. नागपूरकडच्या जंगलांत नोकरी केलेला जेम्स फोर्सिथ यावरच विचार करत राहिला. ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या पुस्तकामुळे तो लोकांना माहीत आहे, पण त्याआधी त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. गोल गोळीला नळीतले पीळ किती सावकाश हवेत, याचा त्यात ऊहापोह आहे. १८७१ साली तो वारला, वय अवघं तेहेतीस.

लंडनच्या बंदुका घडवणाऱ्या पर्डीने १८५०च्या दशकात उलटा रस्ता धरला. गोळी हलकी, दारू भरपूर, वेग जास्त. त्या रायफलीला त्याने आगगाडीवरून ‘एक्स्प्रेस’ नाव दिलं. ते नाव इतकं रुजलं की पुढे शंभर वर्षं मोठ्या रायफलींच्या नावात ‘एक्स्प्रेस’ राहिलं.

आणि मग आलं पितळ. १८५७ साली कागदी काडतुसाच्या चरबीवरून काय झालं ते सांगायला नको. ते काडतूस दाताने फोडून नळीत रिकामं करायचं होतं. १८६६च्या सुमारास इंग्लंडने स्नायडर रायफल घेतली. ती मागून भरायची आणि तिच्या काडतुसाला पितळेचं अंग. तीनच वर्षांनी, १८६९ साली, आपल्या खडकीत दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. ५ नोव्हेंबर १८१७ला पेशव्यांची फौज जिथे इंग्रजांशी लढली, त्याच खडकीत. आमच्या गल्लीतले दोन शेजारी तिथे कामाला होते. पितळेची चकती, तिची वाटी, वाटीची नळी, प्रत्येक ओढीनंतर भट्टीत घालून पितळ पुन्हा मऊ करणं, शेवटी बूड ठोकून टोपीची जागा पाडणं, हे सगळं मी लहानपणी त्यांच्या तोंडून गोष्टीसारखं ऐकलं आहे. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. तांबट आळीतल्या भांड्यांपेक्षा हे पितळ वेगळं. ते बार होताना फुगून नळीला चिकटलं पाहिजे आणि लगेच आकसून सुटलंही पाहिजे.

खडकीचा माल लष्कराचा. शिकारी रायफलीची मोठी काडतुसं मात्र बोटीने विलायतेहून यायची, महाग पडायची आणि वेळेवर मिळतील याची खात्री नसे. रिकामं पितळ पुन्हा भरता येतं, हे कळल्यावर आजोबांसारख्यांचं काम सुरू झालं. जुन्या काळ्या दारूच्या एक्स्प्रेस रायफली विसाव्या शतकातही पुण्यातल्या वाड्यांतून होत्या. दसऱ्यानंतर त्यांची रिकामी काडतुसं आमच्याकडे यायची.

गोळ्या ओतण्याचं काम आजोबा मागच्या अंगणात करायचे. लोखंडी कढईत शिसं, कणखरपणासाठी थोडं कथील, वर मेणाचा एक खडा. मेण टाकलं की मळ वर येतो, तो झाऱ्याने काढायचा. मूस आधी चिमणीच्या धुरावर धरून आतून काळी करायची, म्हणजे शिसं चिकटत नाही. तरी पहिल्या दोन-तीन गोळ्या सुरकुतलेल्या निघायच्या, कारण मूस अजून थंड असते. त्या परत कढईत. मग एकेक चकचकीत गोळी फडक्यावर पडायची आणि आजोबा प्रत्येक गोळी सोनाराच्या तराजूत घालायचे. वजनाला कमी भरली तर आत हवेचा बुडबुडा, तीही कढईत. एक्स्प्रेसच्या लांबट गोळीला ते पातळ कागदाचे दोन वेढे द्यायचे, विडी वळावी तसे, म्हणजे शिसं नळीला घासत नाही. दारू घालताना बोलायचे नाहीत, कोणी हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. एकाच काडतुसात दोनदा दारू पडली तर काय होईल ते त्यांनी पाहिलेलं होतं. फुटलेली एक नळी दुकानाच्या भिंतीवर टांगलेली होती.

बाराबोअरच्या कागदी काडतुसांचा त्यांना मनापासून राग. मुळशी, भोर, कोकणाकडची गिऱ्हाइकं पावसाळ्यात तक्रार घेऊन यायची की काडतूस नळीत जातच नाही. कागद दमट हवेने फुगलेला असायचा. अशांना आजोबा पितळी काडतुसं घ्यायला लावायचे.

धुराशिवायची दारू आली तेव्हा हे घरगुती काम मोठ्या रायफलींपुरतं संपत गेलं. ही दारू म्हणजे कॉर्डाइट, दिसायला शेवयांसारखं, लांब काड्या. जुनी दारू मापट्याने ओतायची, ही काड्यांच्या जुडीने कारखान्यातच भरायची. जोर कितीतरी जास्त. जॉन रिग्बीने १८९८ साली याच दारूवर .४५० इंच मापाची नायट्रो एक्स्प्रेस काढली. ३१ ग्रॅमची गोळी आठबोअरच्या साधारण निम्म्या वजनाची, पण काम त्याहून सरस. आठबोअर त्यानंतर मागे पडली आणि आमची मूस पेटीत गेली.

पण विलायतेत बसून भरलेलं कॉर्डाइट आपल्या उन्हाळ्याला तयार नव्हतं. कॉर्डाइट तापलं की नळीतला दाब चढतो. वाघाची शिकार एप्रिल-मेमध्ये, पाणवठे आटल्यावर, आणि तेव्हा चांदा-मेळघाटात पारा पंचेचाळिशीला टेकलेला. उन्हात तापलेलं काडतूस उडवलं की पितळ नळीत घट्ट रुतायचं. दुनळी रायफल मोडून दुसरी जोडी भरायची तर आधीची रिकामी निघतच नाही, आणि समोर जखमी जनावर. म्हणून काडतूसवाल्यांनी उष्ण देशांसाठी कमी कॉर्डाइटची वेगळी काडतुसं काढली. आजोबा खोक्यावरचं लेबल वाचल्याशिवाय काडतूस गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत. थंड देशासाठी भरलेलं असेल तर परत ठेवायचे, गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

आता १९०७ची गोष्ट. .४५०ची रायफल हिंदुस्थानात सर्वांत लोकप्रिय होती, आणि त्या वर्षी सरकारने या मापाची काडतुसं हिंदुस्थानात आणायला बंदी केली. कारण असं, की लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचं माप तेच होतं आणि त्या रायफली सरहद्दीवर सरकारविरुद्ध लढणाऱ्यांच्या हाती पोचल्या होत्या. शिकारी काडतुसातली गोळी काढून कोणी लष्करी काडतुसात भरली तर? म्हणजे भीती रायफलीची नव्हती, घरी बसून काडतूस भरणाऱ्याची होती. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केलाच होता, गोऱ्यांना सूट होती, आणि काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांनी त्याविरुद्ध ठराव केले होते. ही बंदी मात्र साहेबांच्या शिकारीवरही आली.

लंडनच्या कारखानदारांना हिंदुस्थानची गिऱ्हाइकी सोडवेना. त्यांनी नळी केसभर मोठी केली. हॉलंडने .४६५, वेस्टली रिचर्ड्सने .४७६, जेफ्रीने .४७५ काढली. जोसेफ लँगची .४७० इतर कारखानदारांनाही बनवता येत होती, म्हणून तीच टिकली. ३२ ग्रॅमची गोळी, पाच किलोच्या आसपासची दुनळी. आज जगात कुठेही मोठ्या दुनळीचं नाव काढलं की पहिली ‘फोर-सेव्हंटी’च आठवते. शिकारीची पुस्तकं तिच्या गुणांचं वर्णन करतात. माझ्या मते ती हिंदुस्थान सरकारच्या एका हुकमाची लेक आहे.

त्याच १९०७ साली जिम कॉर्बेटने कुमाऊँमध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. त्याच्या हाती .५००ची जुन्या घडणीची रायफल होती. काळ्या दारूसाठी घडलेल्या नळीला झेपेल इतकंच बेताचं कॉर्डाइट भरलेली काडतुसं, आणि तीही जवळ फक्त तीन. ती संपल्यावर त्याने तहसीलदाराची बंदूक घेतली आणि काम पुरं केलं. ही हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. आजोबा ती नव्या गिऱ्हाइकांना मुद्दाम सांगत, आणि सांगून झालं की विचारत, “तुमच्याजवळ किती काडतुसं आहेत?”

त्यांचा सल्ला साधा होता. रायफल घेताना आधी काडतूस कुठे मिळेल ते बघा. गव्यासाठी घट्ट आवरणाची गोळी, जी आरपार हाड फोडून जाईल. वाघासाठी मऊ तोंडाची, जी आत फुलेल. दोन्ही जवळ ठेवा आणि खिसे वेगळे ठेवा. आणि जमत नसेल तर बार टाकूच नका. जनावर जखमी सोडणं याला ते पाप म्हणायचे.

सामान्य हिंदी शिकाऱ्याच्या वाट्याला मात्र ‘थ्री-फिफ्टीन’ आली. लष्करी .३०३ सामान्य माणसाला बंद, म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर काडतुसाचं .३१५ हे माप त्याला मोकळं ठेवलं गेलं. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या कारखान्याने त्याच मापाची रायफल काढली आणि तिची काडतुसं आमच्या खडकीत बनू लागली. बुडावर ‘के एफ’. बाराबोअरची ‘शक्तिमान’ही खडकीचीच. म्हणजे आधी साहेबाने मनाई करून ठरवलेलं माप आपण पुढे जवळजवळ पाऊण शतक चालवलं.

मोठ्या रायफलींचं मात्र आटोपत आलं होतं. परदेशी मालावर निर्बंध आले, आणि १९७०च्या सुमारास खुद्द विलायतेत कायनॉक कंपनीने मोठी काडतुसं करणं थांबवलं. अमेरिकेत, आफ्रिकेत लोकांनी या वेळी पुन्हा घरी काडतुसं भरायला घेतली आणि जुन्या दुनळ्या जगवल्या. आपल्याकडे तो प्रश्नच उरला नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. माझ्या वडिलांनी दुकानातली गव्याची शिंगं त्याच महिन्यात भिंतीवरून उतरवली. धंदा बसला, घरात ओढ झाली, तरी हा कायदा चुकीचा असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. माझ्याही येणार नाही. राधानगरीच्या रस्त्यावर संध्याकाळी गव्यांचा कळप आडवा जाताना मी पाहिला आहे, त्यांच्या नाकपुड्यांतून निघणारा श्वासाचा आवाज गाडीत ऐकू येत होता.

कायदा आल्याच्या पुढच्या वर्षी, मी पंधरा वर्षांचा असताना, एक वयस्कर गृहस्थ त्यांच्या वडिलांची फोर-सेव्हंटी घेऊन दुकानात आले. रायफल जमा करायची होती. सोबत शेवटची पाच काडतुसं होती, कायनॉकच्या खोक्यात, पिवळी धमक, जणू कालच आली असावीत. वडिलांनी एक उचललं, उजेडाकडे फिरवलं आणि भिंग मागितलं. मानेपाशी, जिथे पितळ गोळीला आवळून धरतं, तिथून खाली एक चीर गेली होती, केसाएवढी. दुसऱ्यालाही. पाचपैकी चार तडकलेली. गोळी बोटाने हलत होती.

वडिलांनी विचारलं, “खोकं कुठे ठेवलं होतं?”

“वाड्यातच. जुन्या पागेच्या माळ्यावर.”

पागेत अजून घोडे होते का, असं वडिलांनी विचारल्यावर गृहस्थ चकित झाले. घोडे होते, टांग्याचे, परवापरवापर्यंत.

पितळ तडकण्याचा हा रोग हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेने आधी पाहिला होता. पावसाळ्यात मोहिमा थांबायच्या, काडतुसं तबेल्यांत साठवायची, आणि पाऊस संपून पेट्या उघडल्या की पितळ तडकलेलं. पावसाळ्याशी जोडून त्याला ‘ऋतूची चीर’ अशा अर्थाचं नावच पडलं. कारण १९२१ साली तीन संशोधकांनी दाखवून दिलं. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया दमट हवेत मिसळतो, आणि घडवताना ज्या पितळात ताण उरलेला असतो ते त्याने आतून फाटतं. बाहेरून चकाकी तशीच राहते. उपाय म्हणजे घडणीनंतर पितळाला बेताची ऊब देऊन तो ताण काढणं.

वडिलांनी ती काडतुसं पोलिसात जमा केली. एकाची गोळी, दारू आणि टोपी रीतसर काढून नुसतं पितळ गृहस्थांना आठवण म्हणून परत दिलं, आणि त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. आज ते आठाच्या मुशीशेजारच्या कप्प्यात आहे. नातीने त्या दिवशी पेटी बंद करण्याआधी त्याच्या मानेवरून नख फिरवलं. नख चिरेत अडकलं.